फादर गोऱ्यांचा पूर्वपक्ष

नीलकंठशास्त्री गोरे मराठी वाचकाला भेटतात ते बहुधा पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. ‘फादर गोरे’ एवढ्याच नावाने, एखाद्या परिच्छेदापुरते. रमाबाई विलायतेला जातात, वाँटेजच्या मठात 29 सप्टेंबर 1883 रोजी बाप्तिस्मा घेतात आणि चरित्रकार त्यांच्यामागून पुढे निघून जातो. मला मात्र त्या परिच्छेदाशी थांबावंसं वाटतं. रमाबाई कुणाच्या सांगण्यावरून मत बदलणाऱ्या नव्हत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी त्यांची विद्या पारखूनच दिली होती. अशा बाईंनी पुढे लिहून ठेवलं, की ब्राह्म समाजाच्या मतावरून माझं मन वळवणं फादर गोऱ्यांखेरीज कुणाला जमलं नसतं. त्यांचा नम्र, गोड आवाज माझ्या काळजात शिरला. रमाबाईंना हलवणारा हा माणूस होता तरी कोण, याचा माग काढत गेलं की आपण पोचतो काशीला, 1844 सालच्या आसपास.

गोरे घराणं कोकणस्थ. नीलकंठाचा जन्म 8 फेब्रुवारी 1825चा, झाशीपासून काही मजलांवरच्या काशीपुरा गावचा. पेशवाईबरोबर बुंदेलखंडात गेलेली मराठी कुटुंबं पुढे तिथेच रुजली, आणि बांद्याला बाजीराव-मस्तानीच्या वंशजांची नबाबी होती, तिच्याशी गोऱ्यांचा संबंध होता. पुढे कुटुंब काशीत स्थिरावलं. गागाभट्टांच्याही आधीपासून तिथल्या विद्वत्सभांत दक्षिणी ब्राह्मणांचा शब्द चालत आलेला. नीलकंठ त्या वातावरणात वाढला. व्याकरण झालं, न्याय झाला. घरची उपासना शैव. पण ग्रंथ वाचून या मुलाने स्वतः विचार केला आणि तो विष्णुभक्त झाला. पुढच्या आयुष्याची चाहूल मला इथेच लागते. कुळात चालत आलं म्हणून काही पुरेसं खरं ठरतं, हे त्याला पोरवयापासून मान्य नव्हतं.

काशीत तेव्हा चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे पाद्री रस्त्यावर उभे राहून उपदेश करीत. नीलकंठ त्यांच्याकडे गेला तो त्यांना गप्प करायला. धर्म जाणून घेण्याची इच्छा मुळीच नव्हती. परक्या माणसाने काशीत येऊन शास्त्रांना खोटं म्हणावं याचा संताप होता. त्याच सुमारास जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या विद्वान अधिकाऱ्याची ‘मतपरीक्षा’ ही संस्कृत पद्यातली पुस्तिका पंडितांच्या हाती फिरत होती. गुरुशिष्य संवादाच्या रूपात तिने हिंदू शास्त्रांची परीक्षा घेतली होती आणि ख्रिस्ती मताला कौल दिला होता. तिला संस्कृतातून तीन उत्तरं गेली. पहिलं ‘सोमनाथ’ या नावाने, दुसरं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचं. तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत जड, होतं विशीच्या उंबरठ्यावरच्या नीलकंठाचं. ग्रंथाचं नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’.

त्यातले आक्षेप आज वाचले तरी मन अस्वस्थ होतं. तो विचारतो, माणसाचं आयुष्य केवढंसं. त्यात तो पाप तरी किती करणार? मग त्याला कधीही न संपणारा नरक देणारा देव न्यायी कसा? जन्मतःच कुणी आंधळं, कुणी राजाच्या घरी, कुणी दारिद्र्यात; पूर्वजन्म मानला नाही तर या विषमतेचं खापर सरळ देवाच्या माथी येतं, ते त्याला चालतं का? आणि जनावरं? त्यांनी कोणतं पाप केलं, की त्यांना तुमच्या देवाने भूक, मार आणि भय दिलं? कर्मसिद्धांत या सगळ्याला उत्तर देतो, तुमचं शास्त्र देत नाही. शिवाय तर्काला शास्त्राच्या डोक्यावर बसवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तर्कानेच सगळं ठरवायचं म्हटलं तर तुमचंही शास्त्र उभं राहणार नाही.

जनावरांचा प्रश्न मला विशेष भिडतो. धर्मचर्चेत माणसाच्या दुःखाचे हिशेब सगळेच मांडतात. गाडीला जुंपलेल्या बैलाच्या पाठीवरचा वळ त्या हिशेबात घेणारा हा मुलगा नुसता वादपटू नव्हता. त्याच्याजवळ दुसऱ्याची वेदना दिसणारे डोळे होते.

त्याने दिलेलं उत्तर मात्र मला पुरत नाही. कर्माचा हिशेब कागदावर चोख बसतो. पण आमच्याच घरात, पाळण्यातलं मूल गेलेल्या बाईला ‘मागच्या जन्मीचं देणं होतं, ते घेऊन गेलं’ असं सांगितलं गेलेलं मी ऐकलं आहे. सांगणाऱ्याच्या मनात दयाच होती. ऐकणारीने मान हलवली, आणि त्यानंतर त्या मुलाचं नाव तिने घरात कुणासमोर काढलं नाही. ज्याची आठवणच उरत नाही त्या कर्माची शिक्षा भोगायची ती कशी, हा मिशनऱ्यांचा नेहमीचा उलट सवाल. तो मिशनऱ्यांनी विचारला म्हणून हलका होत नाही. अशा सवालांना नीलकंठ तडाखेबंद उत्तरं देत होता, आणि उत्तरं देता देताच आपल्या बाजूच्या भिंतींवर टकटक करून पाहायला लागला होता. स्मिथसाहेबांनी वाचायला दिलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन त्याच्या मनात जाऊन बसलं ते याच काळात.

पुढे जे घडलं त्याला ‘मिशनऱ्यांनी बाटवलं’ म्हणणं हा त्या बुद्धीचा अपमान आहे, आणि ‘सत्याचा प्रकाश पडला’ म्हणणंही खोटं आहे. तीन-चार वर्षं हा मुलगा होय आणि नाही यांच्यामध्ये हेलपाटत राहिला. अखेर 14 मार्च 1848 रोजी बाप्तिस्मा झाला तो काशीत नव्हे, जौनपूरला; काशीत गडबड झाली असती. नाव मिळालं नेहेम्या. वडील जिवंत होते. त्या काळच्या ब्राह्मण घरात मुलगा ख्रिस्ती होणं म्हणजे जिवंतपणी श्राद्ध. आपल्याकडे नारायण शेषाद्रींच्या धर्मांतराने मुंबईत काय रण माजलं ते आपण वाचलेलं असतं. काशीत, शास्त्र्यांच्या घरात, ते किती पटींनी झालं असेल?

पत्नी लक्ष्मीबाई नंतर नवऱ्याजवळ आल्या आणि ख्रिस्ती झाल्या. 11 सप्टेंबर 1853 रोजी त्यांना मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत त्या वारल्या. लक्ष्मीबाईंविषयी याहून जास्त फारसं हाती लागत नाही, आणि याची मला चीड येते. त्या काळच्या धर्मांतराच्या कहाण्यांत नवऱ्याच्या शंकांची पानंच्या पानं असतात. बायकोने घर, माणसं, देव्हारा आणि सोवळं सोडलं त्याला एक ओळ.

मुलीचं नाव एलन लक्ष्मी. आईचं नाव तेवढं तिला मिळालं. ती वाढली युरोपियन कुटुंबांत. आधी एका नीळवाल्या मळेवाल्याकडे, पुढे स्टॉर्स नावाच्या पाद्र्यांकडे, आणि 1865मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेली. परत आली ती 1880मध्ये, स्वतः मिशनरी होऊन. तिने इंग्रजीत लिहिलेलं ‘इन द सीक्रेट ऑफ हिज प्रेझेन्स’ हे गीत जगभरच्या चर्चमधून गायलं गेलं. बाप तर्काचा, लेक गाण्याची. पण या बापाने लेक वाढवली नाही ही गोष्ट मी दुर्लक्षू शकत नाही. बायको गेल्यावर अंगावरचं मूल घेऊन एकट्या पुरुषाने काय करायचं हा प्रश्न खरा होता, गोऱ्यांकडे ना आई होती ना बहीण ना गोत. तरीही.

पत्नी गेल्यानंतर लगेच, 1854मध्ये, गोरे विलायतेला गेले. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग ख्रिस्ती होऊन इंग्लंडला निघाले होते. त्यांच्याबरोबर पंडित म्हणून गोरे. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. लंडनच्या मिशनरी कॉलेजात अभ्यासही झाला. आणि मग एक दिवस ऑक्सफर्डला ते मॅक्समुल्लरकडे गेले. मॅक्समुल्लरने ही भेट कित्येक वर्षांनी, आपल्या भारतीय मित्रांच्या आठवणींत, लिहून ठेवली आहे. समोर बसलेला हा काशीचा पंडित खिन्न होता, आतून हादरलेला होता. ज्या धर्मासाठी बाप सोडला, गाव सोडलं, त्या धर्माचा देश पाहायला तो आला होता. शुभवर्तमानात वाचलेलं जिणं इथले लोक जगत असतील अशी त्याची समजूत. त्याऐवजी लंडनमध्ये जे दिसलं ते पाहून तो म्हणाला, हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मला परत जायचं आहे. हाच असेल तर मी ख्रिस्ती नाही.

मला वाटतं, गोऱ्यांच्या आयुष्याचा सांधा या खोलीत आहे. काशीला परतून, प्रायश्चित्त घेऊन, पुन्हा नीलकंठशास्त्री होणं कदाचित शक्य होतं. बापाला केवढा आनंद झाला असता. किंवा इंग्रजांच्या कौतुकात राहून, सभांतून दाखवण्याजोगा ‘धर्मांतरित ब्राह्मण’ म्हणून सुखाने जगणंही शक्य होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते भारतात परतले, आणि ज्या बुद्धीने ख्रिस्ती मताची झडती घेतली होती तीच बुद्धी घेऊन सहा दर्शनांकडे वळले.

‘षड्दर्शनदर्पण’ 1860मध्ये हिंदीत निघालं. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने 1862मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. हेच हॉल पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी वर्षानुवर्षं फुकट खपले. या ग्रंथाला मी हात घालतो तेव्हा दोन भावना एकदम होतात. लेखक ज्या शास्त्रांवर बोलतो ती त्याला आतून ठाऊक आहेत. सांख्यांची प्रकृती, नैयायिकांचे परमाणू, वेदान्त्यांची पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक सत्ता; परक्या पाद्र्याने चार पुस्तकं चाळून केलेली ही टीका नव्हे. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की दर्शनांत ईश्वर असला तरी तो काहीही नसताना सगळं निर्माण करणारा ईश्वर नाही. त्याच्या शेजारी अणू, जीव किंवा प्रकृती अनादी म्हणून बसलेलीच असते. आणि वेदान्ताच्या निर्गुण ब्रह्माला ज्ञानरूप म्हणायचं, पण त्याला कशाचंच ज्ञान नाही असंही म्हणायचं, तर मग त्या ज्ञानाचा अर्थ काय उरला? हा आक्षेप वेदान्ताच्या अभ्यासकाने उडवून लावण्याजोगा नाही.

पण ग्रंथात माया नाही. ज्या शास्त्रांनी या माणसाला विचार करायला शिकवलं त्यांच्याविषयी एखादं कृतज्ञ वाक्य मी शोधत राहतो. नैयायिकांचीच शस्त्रं घेऊन नैयायिकांवर चालून जाताना, ती शस्त्रं कुणाच्या भात्यातली याची आठवण या पानांत येत नाही. नव्याने घर सोडलेल्या माणसाची ही कठोरता मी समजू शकतो, पण मला ती बोचते.

आता 1868 सालाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यांत विलक्षण गोष्ट तिथे आहे. त्या वर्षी कलकत्त्याच्या बिशप मिल्मनकडून गोऱ्यांना डीकनची, म्हणजे पाद्रीपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा मिळाली. दोन वर्षांनी ते पूर्ण पाद्री झाले. बाप्तिस्मा होऊन वीस वर्षं लोटली होती. आणि त्याच वर्षी त्यांनी एक पुस्तिका छापली, अनंत शिक्षेच्या सिद्धांतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर म्हणून. म्हणजे काशीतल्या त्या पोराने 1844मध्ये जो पहिला सवाल टाकला होता, न संपणारा नरक देणारा देव न्यायी कसा, त्यालाच त्रेचाळीस वर्षांच्या गोऱ्यांनी उत्तर लिहायला घेतलं.

याचा अर्थ तो सवाल इतकी वर्षं त्यांच्या सोबत होता. इंग्लंडमध्ये होता, दर्पण लिहिताना होता, पाद्र्याचा झगा चढवतानाही होता. धर्म बदलला की जुने आक्षेप गळून पडतात असा आपला समज असतो. गोऱ्यांचे गळले नाहीत. पूर्वपक्ष, म्हणजे आधीचा आक्षेप, त्यांनीच मांडलेला, उत्तरपक्षही त्यांनाच द्यायचा होता, आणि आपल्या शास्त्रीय परंपरेत पूर्वपक्ष लंगडा मांडून उत्तर जिंकणाऱ्याला कुणी मान देत नाही. त्यांना ओळखणाऱ्यांनीही हेच लिहून ठेवलं आहे, की शंकांनी या माणसाची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. श्रद्धा म्हणजे मनाची शांती असं समजणाऱ्याला फादर गोरे कळणं कठीण. त्यांची श्रद्धा रोज नव्याने खटला चालवत असे.

मनाची ही घडण असलेल्या माणसाला चर्चची जुनी, सलग चालत आलेली परंपरा जवळची वाटावी यात नवल नाही. एकट्याचा तर्क कुठे घेऊन जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते अँग्लिकन चर्चमधल्या कॅथलिक वळणाच्या लोकांकडे ओढले गेले आणि 1876मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या सेंट जॉन संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. संन्यासाची ही ओढ त्यांना काशीहूनच मिळाली होती, असं माझं मत आहे. पण शेवटची शपथ त्यांनी कधीच घेतली नाही. मरेपर्यंत ते उमेदवारच राहिले. ज्या दारातून आत जायची इतकी इच्छा, त्याच्या उंबऱ्यावर जवळजवळ वीस वर्षं.

या संघाचे लोक पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काम करीत, आणि गोरे त्यांच्यात असत. पुणेकराला पंचहौद म्हटलं की 1890चं चहाचं ग्रामण्य, म्हणजे मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून उठलेला बहिष्काराचा वाद, आठवतो. टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणारा तो पेला. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाचा उंच घंटाघर-मनोरा आजही लांबून दिसतो. मी तिथे गेलो ते चहासाठी प्रसिद्ध झालेली जागा पाहायला नव्हे. भर पेठेत, चहूकडे वाडे आणि देवळं असताना, संस्कृतात विचार करणारा आणि मराठी बोलणारा हा ख्रिस्ती साधू कसा वावरत असेल, ते डोळ्यांपुढे आणायचं होतं. रविवारची उपासना मराठीत चालू होती. मागच्या बाकावर एक आजी पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, गीताचा प्रत्येक शब्द पाठ म्हणत होत्या.

मुंबईच्या आणि पुण्याच्या ब्राह्म व प्रार्थनासमाजी मंडळींपुढे गोऱ्यांनी दिलेली व्याख्यानं 1875मध्ये छापली गेली. त्यांचा रोख असा होता: तुम्ही एकाच, दयाळू, पित्यासमान देवाची प्रार्थना करता, पण हा देव तुम्हाला कोणत्या शास्त्रात मिळाला? तो तुम्ही ख्रिस्ती धर्मातून नकळत उचलला आहे आणि उपनिषदांच्या नावावर चढवला आहे. मग ज्याचं आहे त्याचं नाव घ्या. हाच युक्तिवाद रमाबाईंनी वाचला, आणि आपण ज्याला आपल्या शास्त्रांचा निर्मळ धर्म समजत होतो तो तसा नाही, असं त्यांना पटलं.

मला तो सगळा पटत नाही. प्रार्थना समाजात दर आठवड्याला तुकोबांचे अभंग होत. विठ्ठलाला माउली म्हणणारे तुकोबा कुठल्या शुभवर्तमानातून आले होते? गोऱ्यांचं शिक्षण काशीच्या शास्त्र्यांमध्ये झालं. देहू-आळंदीची वाट त्या पाठशाळेतून जात नव्हती. 1895 सालच्या फेब्रुवारीत मुंबईत कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी पुढे सांगितलं, की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतच फादर गोरे गेले. या दोघांची मनं किती वेगळी! टिळकांना गाता येत होतं. गोरे वाद घालत राहिले.

तरी उतारवयात गोऱ्यांनी जे लिहिलं त्यात दर्पणातली कठोरता विरघळल्यासारखी वाटते. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा या कल्पना हिंदू मनात आधीच रुजलेल्या आहेत, आणि देवाने ख्रिस्ताला स्वीकारण्यासाठी आमची ही तयारी करून ठेवली आहे, असं ते म्हणू लागले. त्यातला निष्कर्ष तुम्हाला मान्य असो वा नसो, ‘आम्ही हिंदू’ हा सूर नव्याने आला आहे. दर्पणात शोधून जे सापडलं नव्हतं ते ऋण इथे कबूल झालं, हे वाचून मला बरं वाटलं.

रमाबाई त्यांच्या खऱ्या शिष्या ठरल्या, पण त्यांना अपेक्षित नव्हतं तशा. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टरांना त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या मतावर), बिशपच्या अधिकारावर प्रश्न विचारून हैराण केलं. गोऱ्यांना ते रुचलं नाही. ख्रिस्ताच्या देवत्वाची प्रमाणं त्यांनी रमाबाईंना सविस्तर लिहून पाठवली. पण स्वतः 1844मध्ये त्यांनी दुसरं काय केलं होतं?

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो हस्तलिखितात राहिला आणि 1951मध्ये उज्जैनहून सदाशिव कात्र्यांच्या संपादनाने बाहेर पडला. नरकाविषयीची 1868ची पुस्तिका जुन्या ग्रंथालयांत आहे. एक संस्कृतात, दुसरी इंग्रजीत. कुणीतरी जाणकाराने हे दोन्ही मजकूर मराठीत आणावेत आणि एकाच पुस्तकात छापावेत, डाव्या पानावर नीलकंठाचा आक्षेप आणि उजव्या पानावर नेहेम्याचं उत्तर. माझं संस्कृत या कामाला पुरेल असं नाही. पण असं पुस्तक निघालं तर उत्तर आक्षेपाला पुरतं का, हे पाहायला मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन.